वादळानंतरचा किनारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात निसर्गविषयक सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे वादळांविषयीची आहेत : तिघांनी वादळानंतरच्या कोकण किनाऱ्याबद्दल विचारले आहे, तर एकाने वादळी पावसानंतर बागेत सापडलेल्या पक्ष्याबद्दल. म्हणून या वेळी फक्त तीच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्याची गरज तेवढी होती.

प्रश्न : माझे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या घराचे छप्पर उडाले आणि वाडीतली सुपारी-नारळाची बहुतेक झाडे आडवी झाली. आई आधीच गेली होती, त्यामुळे वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मी नाशिकला घेऊन आले. घर दुरुस्त झाले, धाकटा भाऊ वाडी पुन्हा उभी करतो आहे. पण अण्णा एवढ्या वर्षांत दोनदाच गावी गेले आणि दोन्ही वेळा समुद्राकडे फिरकलेही नाहीत. या हिवाळ्यात मुलांनी कासवे आणि डॉल्फिन पाहायला चला म्हणून हट्ट धरला आहे. गावातली माणसे अजून सावरत असताना आपण गळ्यात दुर्बीण अडकवून किनाऱ्यावर हिंडावे, हे माझ्या मनाला पटत नाही. तिथला आनंद घेणे योग्य आहे का? आणि अण्णांना बरोबर न्यावे का?
— एक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आपला पहिला प्रश्न मला माझ्याच मनातला वाटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी दिवेआगरला गेलो होतो. किनाऱ्यालगतचे सुरूचे बन जागोजागी मोडलेले होते आणि वाड्यांतून सुपारीचे नुसते खुंट उभे होते. हे पाहिल्यावर पहिला दिवसभर मी दुर्बीण पिशवीतून बाहेरच काढली नाही. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी संध्याकाळी विचारले, की समुद्रावर का गेला नाहीत. मी अडखळत कारण सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, की वादळानंतरच्या हिवाळ्यात नेहमीचे कुरव पक्षी नेहमीच्या वेळी किनाऱ्यावर येऊन बसले, तेव्हाच त्यांना पहिल्यांदा बरे वाटले होते, कारण त्या वर्षात ठरल्याप्रमाणे घडलेली ती एकच गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी किनाऱ्यावर गेलो, आणि तेव्हापासून याबाबत माझे मत पक्के आहे: जावे, मन लावून पाहावे आणि आनंद लपवू नये. पडझडीची छायाचित्रे मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि किती नुकसान झाले, किती भरपाई मिळाली, अशी चौकशी आपण होऊन करू नये. सांगायचे असेल तर माणसे स्वतःच सांगतात.

यात व्यवहाराचाही भाग आहे, आणि तो आपण माहेरवाशीण म्हणून माझ्याहून चांगला जाणता. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. शिवाय कोवळ्या सुपारीला सावली लागते, आणि ती सावली देणारी मोठी झाडेच वादळाने नेली. म्हणून आधी केळी लावायच्या, त्यांच्या आडोशाने रोपे जगवायची, असा हा दुहेरी खटाटोप आहे. २०२० च्या पावसाळ्यानंतर लावलेल्या वाड्या कुठे आत्ता हाताशी येऊ लागल्या आहेत. मधल्या काळात घरगुती मुक्काम, खानावळ, होडीची फेरी यांवर अनेक घरे तगली. आपले कुटुंब तिथे चार दिवस राहिले आणि मुलांनी किनारा पाहिला, तर त्यात कुणाच्या दुःखाचा अवमान नाही.

आता अण्णांविषयी. त्यांना आग्रहाने, किंवा वाटेत काही न सांगता, थेट समुद्रासमोर नेऊन उभे करू नये. ज्या माणसाचे सारे आयुष्य वाडीत गेले, त्याने एका दुपारी ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यात ती वाडी कोसळताना ऐकली आहे. तो आवाज मनातून जायला किती वेळ लागावा, हे बाहेरच्यांनी ठरवायचे नसते. ते वादळ किनारा ओलांडून ईशान्येकडे सरकले आणि त्या रात्री आपल्या नाशिकलाही त्याच्या वाऱ्यापावसाने झोडपले होते, एवढे आठवले तरी किनाऱ्यावर काय झाले असेल याची थोडी कल्पना येते. आजही जोराच्या वाऱ्याने अण्णांची झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, ते जेवण टाकत असतील, तर सहलीच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मराठीत बोलता येते. त्यात कमीपणा काहीच नाही.

तसे नसेल, आणि ते नुसतेच गप्प झाले असतील, तर मी सुरुवात नाशिकच्या घरातूनच करीन. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी पाहून त्यांना विचारा, आज गावी भरती किती वाजता असेल? किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. अण्णांना हा हिशेब बोटांवर येत असणार. नातवंडांना तो त्यांनी शिकवावा आणि सहलीचे दिवसही त्यांनीच ठरवावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या जवळ असते, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास ओहोटी लागलेली असते आणि उजाडताच ओल्या, घट्ट वाळूची लांबरुंद पट्टी चालायला मोकळी मिळते. काठी टेकत चालणाऱ्याला ती पट्टी कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा कितीतरी सोपी जाते.

दुसरी पायरी नांदूर मध्यमेश्वरची. निफाड तालुक्यातले हे अभयारण्य, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा, आहे आणि आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे समुद्र नाही, पण उथळ पाणी, चिखल आणि त्यात चोच खुपसणारे पक्षी आहेत. तुतवार, शेकाट्या, पाण्यावर झेप घेणारे सुरय, हे सगळे अण्णांनी खाडीकाठी लहानपणापासून पाहिलेले असणार, भले त्यांना नावे वेगळी माहीत असोत. एखाद्या सकाळी चापडगावच्या बाजूने जाऊन त्यांना खुर्चीवर बसू द्या आणि मुलांना त्यांच्याकडे नावे विचारू द्या. मनोरे चढायची गरज नाही.

किनाऱ्यावर जायला जानेवारी-फेब्रुवारी हे महिने निवडावेत. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, नाहीतर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती जवळजवळ नसतातच. थंडीतल्या सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि समुद्र कढईतल्या तेलासारखा संथ असतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो, तेव्हा अण्णांना घरात राहावेसे वाटले तर राहू द्यावे. पहिल्या दिवशी फक्त वाडी पाहावी. दुसऱ्या दिवशी खाडी, कारण तिथे लाट नसते. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला चिखलात निवट्या दिसतील. बोटभर मासा, पुढच्या परांवर रेलून डोळे वर काढून बसलेला. पाऊल वाजले की टुणकन उडी मारून बिळात जातो. वादळाच्या दिवशी तो बहुधा त्याच बिळात दडून बसला असावा, असे मला नेहमी वाटते. मुलांना तो इतका आवडतो, की पुढचा अर्धा तास आपल्याला कुणाशी काही बोलावे लागत नाही. मग तिसऱ्या दिवशी, अण्णा आपण होऊन म्हणाले तर, समुद्र.

तिथे गेल्यावर वाळूतल्या खेकड्याच्या बिळाजवळ थोडे लांब बसून पाहावे. तो तिरका तिरका बाहेर येतो, पायांच्या बेचक्यात धरलेली ओली वाळू बिळापासून वीतभर लांब टाकतो, क्षणभर थबकून कानोसा घेतो आणि पुन्हा आत जातो. प्रत्येक भरती त्याचे घर बुजवते आणि प्रत्येक ओहोटीला तो ते उकरतो. वाळूचेही असेच आहे. दर पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतो, आणि दिवाळीनंतर शांत लाटांबरोबर ती हळूहळू परत आणून टाकतो. अण्णांनी हे सत्तर वेळा पाहिले असेल. मात्र वादळाच्या धक्क्यात आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीच आधी विसरायला होतात.

त्यांना एकटे बसवू नका, हेही सांगतो. अटलांटिकमध्ये चक्रीवादळालाच हरिकेन म्हणतात. तिथल्या प्वेर्तो रिकोजवळ कायो सांतियागो नावाचे छोटे बेट आहे, आणि १९३८ साली भारतातूनच तिथे नेलेल्या माकडांचे वंशज त्या बेटावर राहतात. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया हरिकेनने बेटावरची बरीचशी झाडे नाहीशी केली आणि सावली दुर्मीळ झाली. अभ्यासकांना वाटले, की माकडे सावलीसाठी भांडतील. घडले उलटे. ती पूर्वीपेक्षा अधिक जणांना जवळ बसू देऊ लागली, आणि ही सहनशीलता पुढेही काही वर्षे टिकली. गावातली अण्णांच्या वयाची माणसे संध्याकाळी जिथे जमतात तिथे त्यांना आधी घेऊन जा. तीही त्याच दुपारी तिथेच होती.

डॉल्फिनसाठी दापोलीकडच्या हर्णै-मुरूडला होड्या मिळतात. होडीवाल्याला आधीच सांगावे, की कळपाच्या मागे लागायचे नाही, त्याला घेरायचे नाही, आणि जवळ पोचल्यावर इंजिन मंद ठेवायचे. दिसले तर दिसले.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या नववीच्या ४० मुलांना कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दाखवायला वेळासला न्यायचे आहे. पिल्ले नक्की दिसतील असे दिवस कोणते? निसर्ग आणि तौक्ते या वादळांमुळे कासवे कमी झाली का?
— एक शिक्षक, नाशिकरोड

उत्तर : सर, नक्की दिसतील असे दिवस कुणीच देऊ शकणार नाही, आणि हे मुलांना निघण्याआधीच सांगावे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंडी घालते, खड्डा बुजवून परत जाते आणि पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. पिल्ले बाहेर यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू किती तापते त्यावर तो काळ कमी-अधिक होतो. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा वाळूच्या उष्णतेवरच ठरते. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा काळ त्यातल्या त्यात बरा. गावात आधी फोन करून, कोणती घरटी केव्हा भरत आली आहेत हे विचारून मगच तारीख ठरवावी.

वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे कासव-संरक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे गावाने ते आपले मानले. सापडलेली अंडी भरतीच्या रेषेच्या वर, कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोलीवर पुन्हा पुरतात, कारण घरट्यात समुद्राचे पाणी साचून राहिले तर अंड्यांतला जीव गुदमरतो. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी ठेवतात आणि सकाळी सातच्या व संध्याकाळी सहाच्या सुमारास ती उचलून पाहतात. पिल्ले निघण्याआधी वरची वाळू किंचित खचते. तळहातावर मावेल एवढे काळपट पिल्लू त्या खळग्यातून डोके वर काढते तेव्हा ४० मुले एकदम गप्प होतात, हे मी पाहिले आहे.

आता वादळांबद्दल. निसर्ग जूनच्या सुरुवातीला आले आणि तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यावर आपल्या किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातवर आदळले. दोन्ही वेळी पिल्लांचा मुख्य हंगाम आटोपलेला होता. शिवाय मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते, म्हणजे तिचा सगळा भार एकाच घरट्यावर नसतो. एखाद्या वर्षी घरटी कमी आढळली, म्हणून लगेच वादळाला दोष देता येत नाही, कारण घरट्यांची संख्या दरवर्षी वरखाली होतच असते. वादळाचा खरा परिणाम होतो तो किनाऱ्याच्या उतारावर. वाळू वाहून गेली, दगड उघडे पडले किंवा पडलेल्या झाडांची खोडे आडवी राहिली, तर मादीला वर चढता येत नाही. त्याहून कायमची अडचण माणसाने केलेली आहे, ती म्हणजे वाळूच्या टेकाडांवर बांधलेल्या भिंती आणि रात्रभर जळणारे दिवे.

मुलांचे दोन गट करावेत. ४० जण एकदम दोरीभोवती उभे राहिले तर मागच्यांना काही दिसत नाही आणि पुढचे ढकलले जातात. पिल्लांच्या वाटेवर कुणीही आधी चालू नये, कारण पावलाचा खोलगट ठसा त्या पिल्लाला खड्ड्यासारखा असतो. विजेरी आणि फ्लॅश पूर्ण बंद ठेवावेत. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात आणि तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असायला हवा. हात लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. पिल्ले निघाली नाहीत तर बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून पाहावी. तीही मुलांच्या लक्षात राहील.

प्रश्न : आमच्या मंडळाने श्रीवर्धनच्या किनाऱ्यासाठी सुरूची ५०० रोपे द्यायचे ठरवले आहे. ती केव्हा लावावीत?
— एक कार्यकर्ते, पंचवटी

उत्तर : आपल्या मंडळाची तळमळ मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : कृपया सुरू देऊ नका. सुरू बाहेरून आणून लावलेले झाड आहे. ते भराभर वाढते, पण त्याची मुळे वाळूत उथळ पसरतात आणि मोठ्या वाऱ्यात ते मुळासकट उलटते. भरतीच्या रेषेलगत त्याची दाटी झाली तर कासवाच्या मादीला खणायला मऊ जागा उरत नाही, आणि खाली पडणाऱ्या काड्यांच्या जाड थरात दुसरे फारसे उगवत नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. समुद्री गरुड उंच सुरूवर घरटे करतो आणि वर्षानुवर्षे त्याच घरट्यात काटक्यांची भर घालत राहतो. म्हणून जे जुने सुरू वादळात टिकले ते कुणी 'स्वच्छते'च्या नावाखाली तोडू नयेत, विशेषतः त्यावर मोठे घरटे असेल तर.

अगदी पुढच्या वाळूवर काहीच लावायचे नसते. तिथे मर्यादवेल आपोआप पसरते, तिला तुडवू नये एवढेच पुरे. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते, आणि तिच्यामागे वाळूचे टेकाड हळूहळू उभे राहते. त्याच्या मागच्या बाजूला केवडा, उंडी, करंज ही आपल्या किनाऱ्याची झाडे लावता येतील. खाडीच्या चिखलात तिवर आणि कांदळ. पण कांदळवन लावण्यापेक्षा राखणे महत्त्वाचे आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळाचा अभ्यास झाला तेव्हा केंद्रपाडा भागात असे आढळले, की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये रुंद कांदळवन शिल्लक होते तिथे माणसे कमी दगावली. चिखलातून वर आलेली ती मुळे लाटेचा जोर मोडतात, आणि इतर दिवशी त्याच मुळांच्या जाळीत कोळंबी-माशांची पिल्ले वाढतात.

कोणती रोपे कुठे हवी आहेत हे आधी तिथल्या ग्रामपंचायतीला आणि वनविभागाला विचारावे. नाशिकमध्ये वाढवलेली रोपे नेण्यापेक्षा तिथल्याच रोपवाटिकेतून ती घ्यावीत, म्हणजे पैसा गावात राहील. ५०० रोपांऐवजी १०० द्या आणि उरलेल्या रकमेतून तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी द्या.

प्रश्न : वादळी पावसानंतर आमच्या द्राक्षबागेत एक मोठा, अनोळखी पक्षी पडलेला सापडला. पायाच्या बोटांमध्ये कातडी होती, चोच लांब. आम्ही त्याला पाणी पाजले, भात भरवला, तरी रात्रीत तो गेला. काय चुकले?
— एक शेतकरी, निफाड

उत्तर : दादा, आपण त्याला उचलून आत आणले, हे बरोबरच केले. वर्णनावरून नेमकी जात सांगता येणार नाही, पण वादळी वाऱ्यात खोल समुद्रावरचे पक्षी, बूबी किंवा फ्रिगेट यांसारखे, किनाऱ्यावर आणि कधी त्याच्याही आत फेकले जातात. ते कित्येक तास वाऱ्याशी झुंजून आलेले असतात, अंगात त्राण नसते, आणि आपण मायेने चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. भात हे त्यांचे अन्नही नव्हे.

पुन्हा असे झाले तर अंगावर जुना टॉवेल टाकून, चोच आपल्या डोळ्यांपासून लांब धरून त्याला उचलावे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. कुत्री आणि मुले दूर ठेवावीत. खायला-प्यायला काही देऊ नये, आणि उडतो का पाहायला हवेत फेकू नये, कारण यांतले बरेच पक्षी सपाट जमिनीवरून सहज उडू शकत नाहीत, याचा अर्थ पंख मोडला असा होत नाही. लगेच वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असेल तर तिच्यावरचा क्रमांक लिहून घ्यावा, पण कडी काढू नये. सापडल्याची जागा, तारीख आणि वेळ हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.